नेमून दिलेली चूक

शाळेने मुलांना ज्ञान द्यायचं बंद केलं, त्या वर्षी भिंगरी चौथीत होती.

बंद केलं म्हणजे अगदी रीतसर, सूचना काढून. 'यापुढे मुलांना ज्ञान दिले जाणार नाही. मुले ते स्वतःच्या हातांनी उभारतील आणि वापरतील,' असं त्या कागदावर छापलेलं होतं आणि खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, लफ्फेदार सही होती. वाचून भिंगरीच्या आईला भरून आलं. तिने स्वतः तीन वर्षं पदार्थविज्ञान पाठ करून पदवी घेतली होती आणि त्यातलं काहीएक कधी हाताला लागलं नव्हतं. आपल्या लेकीचं तरी तसं होणार नाही, या आनंदात तिने तो कागद फ्रीजच्या दारावर लावला.

उभारणीचं साहित्य मात्र घरून न्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर उभारणीही घरीच व्हायची. पहिल्या महिन्यात भिंगरीने ज्वालामुखी केला, म्हणजे आईने केला आणि भिंगरी शेजारी बसून आईच्या बोटांवर वाळलेला डिंक सोलत होती. दुसऱ्या महिन्यात पवनचक्की झाली, ती बाबाने केली. तिच्यावर शेरा आला, 'स्वतः केलेले दिसते. शाब्बास!' बाबा तो शेरा आठवडाभर ऑफिसात सांगत फिरला.

असं सगळं सुरळीत उभारलं जात असताना एके दिवशी भिंगरी शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि म्हणाली, "आई, मला चूक मिळाली."

"कसली चूक? वहीत?"

"नाही गं. ते मोठे पाहुणे येणारेत ना वर्ग बघायला, त्या पाठात. कुणाकुणाला प्रश्न मिळाले. मागच्या बाकावरच्यांना आश्चर्य मिळालं. मला चूक."

आईने दप्तर उघडलं. आत चार पानी कागद होता, 'कृती-आराखडा : तरंगणे व बुडणे'. तिने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता खाली बसली.

'मिनिट ४ : मुले कुतूहलाने साहित्याकडे पाहतात. मिनिट ७ : मुले आपापले अंदाज निर्भयपणे मांडतात (अंदाज सोबत जोडले आहेत). मिनिट ९ : मुले आश्चर्यचकित होतात. मिनिट ११ : मुलांना उत्स्फूर्तपणे तीन प्रश्न पडतात. मिनिट १२ : एक विद्यार्थिनी आपली चूक हसून मान्य करते.'

'एक विद्यार्थिनी' या शब्दांपासून पेन्सिलीचा एक बाण निघाला होता, तो थेट भिंगरीपर्यंत आला होता. भिंगरीने म्हणायचं होतं, 'ही स्टीलची डबी आहे. स्टील जड असते. म्हणून डबी बुडेल.' मग डबी तरंगणार. मग भिंगरीने म्हणायचं, 'माझा अंदाज चुकला, पण चुकीतूनच मी शिकले!' पुढे कंसात सूचना होती : हसून, पाहुण्यांकडे बघत.

"पण तुला ठाऊक आहे ना, ती तरंगते?" आईने विचारलं. डबी त्यांच्याच घरची होती. शाळेने 'झाकण घट्ट बसणारी लहान डबी' मागवली, तेव्हा भिंगरीने ती आधी बादलीत सोडून पाहिली होती आणि ती बुडत नाही म्हणून तासभर बाथरूममधून बाहेर आली नव्हती.

"ठाऊक आहे की. मी बाईंना सांगितलंपण."

"मग?"

"बाई म्हणाल्या, ठाऊक असलं म्हणून काय झालं? चुकायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शाळेच्या दारात हजर. वर्गबाई नव्या होत्या, वयाने भिंगरीच्या आईहूनही लहान. हातात कात्री, केसांना चिकटपट्टीचा तुकडा आणि डोळ्यांखाली तीन रात्रींचं जागरण, अशा अवतारात त्या भिंतीवर 'आम्ही स्वतः शोधतो' अशी अक्षरं डकवत होत्या. ती अक्षरंही त्यांनी स्वतःच कापली होती.

"बाई, एक विचारायचं होतं. चूक माझ्याच मुलीला का?"

"अहो ताई, तिचा आवाज किती खणखणीत आहे!" बाईंचा चेहरा खुलला. "चूक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला नको? बाकीची पोरं पुटपुटतात. मागच्या वेळी ज्याला चूक दिली होती, त्याची चूक कुणाला कळलीच नाही. सगळ्यांना वाटलं बरोबरच बोलला."

"पण कुणी तरी चुकायलाच हवं का?"

"आराखड्यात आहे ना. 'चूक ही शिकण्याची पायरी.' पायरी रिकामी ठेवून कसं चालेल?"

"आणि समजा, मुलं खरंच चुकली तर?"

बाईंनी कात्री खाली ठेवली. "खरंच?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर? तसं नका बोलू हो ताई. माझं पहिलंच वर्ष आहे."

आईला त्यांची कीव आली, पण ती फार वेळ टिकली नाही. कारण त्याच संध्याकाळी भाजी निवडताना तिने सहज विचारलं, "भिंगरी, सात आठे किती?" आणि भिंगरी मान वर न करता म्हणाली, "बरोबर सांगू की चूक?"

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

पुढचे दहा दिवस हे असंच. दूध संपलं का, विचारलं तर "बरोबर सांगू की चूक?" बाहेर कोण आलंय, तर तेच. सुरुवातीला तो खेळ होता. मग हळूहळू तो प्रश्नही गळून पडला आणि भिंगरी नुसती खांदे उडवायला लागली. बाईंनी एकदा वेगळाच प्रश्न विचारला तेव्हा तिने हात वर केला नाही, हे शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या आईकडून कळलं. का नाही केलास, विचारलं तर म्हणाली, "मी चुकणारी आहे ना. बरोबरवाले दुसरे आहेत."

 आईला ताप, दात, उंची, वजन या सगळ्यांची काळजी करायची सवय होती; त्यासाठी तिच्याकडे डॉक्टर होते, तक्ते होते. पण नऊ वर्षांच्या पोरीने स्वतःलाच चुकणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं?

"तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस," बाबा म्हणाला. "नाटकात एखादा राक्षस होतो, म्हणून तो घरी येऊन माणसं खातो का?"

"नाटकातल्या राक्षसाला नाटक आहे हे माहीत असतं. हिला सांगितलंय की हे शिक्षण आहे."

"मग काय करणार आहेस? पाठ रद्द करणार?"

"नाही," आई म्हणाली. "साहित्य पुरवणार."

पाठासाठी पालकांमधून एक 'साहित्य-माता' नेमायची होती. काम एवढंच की सकाळी लवकर येऊन चौदा वस्तू क्रमाने ट्रेमध्ये मांडायच्या आणि मग मागच्या खुर्चीवर बसून कौतुकाने बघायचं. एरवी या मानासाठी इतर आयांमध्ये चढाओढ असे. या वेळी भिंगरीची आई सगळ्यांच्या आधी बाईंकडे पोचली. तिचा हिशेब सरळ होता. भिंगरी म्हणणार, डबी बुडेल. डबी बुडाली, की भिंगरी बरोबर. बस्स. राहिला प्रश्न डबी बुडवायचा.

दुपारी घरात कुणी नसताना डबी घेऊन ती बाथरूममध्ये शिरली. बादली भरली. बाबाच्या हत्यारांच्या खोक्यातून पवनचक्कीचे उरलेले खिळे आणले. तिला वाटलं होतं, चार खिळ्यांत काम होईल. शेवटी पदवीधर होती. चार खिळे घातले, डबी तरंगली. सहा घातले, तरंगली. आठ घातले तेव्हा ती एका बाजूला कलली, पण बुडायचं नाव घेईना. आईने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. किराणा सामानाच्या यादीच्या पाठीवर तिने लिहायला घेतलं : 'आठ – वाकडी. दहा – अर्धी पाण्यात. अकरा – फक्त झाकण बाहेर.' आणि अकरावर खिळेच संपले! मग तिने जुन्या बॅगेचं छोटं कुलूप आणलं, आत टाकलं, झाकण दाबलं, डबी अलगद पाण्यावर ठेवली आणि श्वास रोखला.

डबी एक क्षण थांबली. मग चहाच्या कपात साखर जावी तशी गुपचूप खाली गेली.

"गेली!" आई ओरडली. रिकाम्या घरात, ओल्या फरशीवर गुडघे टेकून, एकटीच. पदवीच्या तिन्ही वर्षांत मिळून तिला एवढा आनंद झाला नव्हता. मग खिळे वाजू नयेत म्हणून तिने भिंगरीचा एक जुना पिवळा मोजा शोधला, ज्याचा जोडीदार कधीच परागंदा झाला होता. त्यात खिळे आणि कुलूप गुंडाळून डबीत कोंबलं आणि पुन्हा बुडवून पाहिलं. आपण नेमकं काय करतोय, हा विचार तिच्या मनात डोकावला. पण त्याच वेळी दूध उतू गेलं आणि तो विचार तिकडेच राहिला.

पाठाच्या दिवशी वर्ग असा सजला होता की मुलांना बसायला जागा कमी पडत होती. मध्यभागी पाण्याचा काचेचा मोठा टब. पुढच्या खुर्चीत पाहुणे, पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ, हातात वही. त्यांच्या शेजारी मोठ्या बाई, चेहऱ्यावर उद्घाटनाचं हसू. मागच्या खुर्चीत छातीवर 'साहित्य-माता' असा बिल्ला लावलेली भिंगरीची आई.

मिनिट चारला मुलांनी कुतूहलाने पाहिलं. मिनिट सातला अंदाज निर्भयपणे मांडले गेले. एक मुलगा चुकून शेजाऱ्याचा अंदाज मांडून गेला, पण शेजाऱ्याने मोठ्या मनाने त्याचा मांडला आणि वेळ निभावली. पेन्सिल तरंगली, गोटी बुडाली, पान तरंगलं, चमचा बुडाला. प्रत्येक वस्तूनंतर वर्ग एका सुरात निकाल सांगायचा आणि आपापल्या तक्त्यावर आधीच छापलेल्या उत्तरासमोर बरोबरची खूण करायचा.

मग डबी आली.

भिंगरी उभी राहिली. "ही स्टीलची डबी आहे. स्टील जड असते. म्हणून डबी बुडेल," ती म्हणाली. खणखणीत. शेवटच्या रांगेपर्यंत. चार-पाच पोरं हसली. तेही आराखड्यात होतं.

गटप्रमुखाने ट्रेमधून डबी उचलली. त्याचा हात जरासा खाली झुकला, पण तक्त्यात 'हात झुकला' असा रकाना नसल्याने त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. डबी पाण्यात सोडली. ती टबाच्या तळाशी जाऊन 'टण्' वाजली.

"त-रं-ग-ली!" अख्खा वर्ग ओरडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुलांनो," त्यांनी मृदू आवाजात विचारलं, "डबीचं काय झालं?"

"तरंगली!"

"कुठे आहे ती आता?"

"पाण्यावर!" पस्तीस मुलं, एक सूर. काच स्वच्छ होती. डबी तळाशी चकाकत होती. एकाही मुलाने टबाकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा तक्त्यावर. वर्गबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्या टबाला धरून उभ्या होत्या. मोठ्या बाईंचं हसू जागच्या जागी वाळलं.

आई मात्र खुर्चीच्या टोकाला आली. आता, तिने मनात म्हटलं. आता भिंगरीला दिसेल की ती बरोबर होती.

भिंगरी पाहुण्यांकडे वळली, ठरल्याप्रमाणे हसली आणि म्हणाली, "माझा अंदाज चुकला, पण..."

आईने डोळे मिटले. पोरीचा अंदाज बरोबर येऊन टबाच्या तळाशी बसला होता आणि पोरगी त्याच्याकडे पाठ करून आपली चूक हसून मान्य करत होती. अकरा खिळे आणि एक कुलूप पाण्यात गेलं.

पण 'पण'च्या पुढे काही येईना. आईने डोळे उघडले. भिंगरी टबाकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "पण ती बुडालीय."

"हो का?" बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "पुढचं वाक्य म्हण, बाळा."

"नाही पण, ती बुडते कशी? घरी नव्हती बुडत." भिंगरीने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात टबात घातला. आराखड्यातल्या कुठल्याच मिनिटाला हे नव्हतं. डबी बाहेर काढून तिने तळहातावर तोलली, कानाशी नेऊन हलवली. "ही जड झालीय. आत काहीतरी आहे."

झाकण घट्ट होतं. तिने ते फ्रॉकच्या टोकात धरून पिरगळलं. आतून पिवळा मोजा बाहेर आला. वर्गात खसखस पिकली. भिंगरीने मोजा उलगडला, खिळे पाहिले, कुलूप पाहिलं आणि पुन्हा मोज्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ही आठी आईला चांगली ओळखीची होती. बाथरूममधून तासभर बाहेर न येण्याची ती आठी. दहा दिवसांत ती दिसली नव्हती.

"हा माझा मोजा आहे," भिंगरी सावकाश म्हणाली. "कुलूप आमच्या बॅगेचं. खिळे पवनचक्कीचे." मग तिने मान वळवली, पस्तीस डोकी ओलांडून थेट मागच्या खुर्चीकडे. "आई, हे तू घातलंस."

ते विचारणं नव्हतं. निष्कर्ष होता, आणि छापलेला नव्हता.

सगळा वर्ग वळला. मोठ्या बाई वळल्या. पाहुणे वळले. लपायला 'साहित्य-माता'चा बिल्ला फारच लहान होता.

आई उभी राहिली. खोटं बोलायला तिला एक क्षण होता, आणि तो क्षण तिने वापरूनही पाहिला. पण भिंगरी डोळे न मिटता बघत होती.

"हो," आई म्हणाली. "मीच घातलं."

"का?"

"तू बरोबर ठरावीस म्हणून."

"पण मी बरोबर नव्हते!" भिंगरीचा आवाज चढला, आता तो शेवटच्या रांगेच्याही पलीकडे गेला. "मला माहीत होतं ती तरंगते. बुडेल हे बाईंनी सांगितलेलं. तूपण मला न विचारताच केलंस!"

 पाहुण्यांनी वही मिटली. "किती खिळे घातलेत?" त्यांनी आईला विचारलं.

"अकरा. आणि कुलूप. नुसत्या अकरांनी बुडत नाही. आठांना कलते."

"खोटं!" गटप्रमुख ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात तक्ता नव्हता. भिजून खाली पडला होता. "कुलूप नसतं तरी बुडली असती!"

"नसती बुडली!"

"बारा लागतील!"

"मोज्यामुळे बुडली, मोजा पाणी पितो!"

"काढा कुलूप! भिंगरी, काढ कुलूप!"

त्यानंतर काय झालं ते आराखड्यात नसल्यामुळे नीट सांगता येत नाही. टबाभोवती पस्तीस पोरं होती, एवढं नक्की. 'आम्ही स्वतः शोधतो'मधला 'आम्ही' भिजून गळून पडला. वर्गबाई आधी "रांगेत, रांगेत" म्हणत होत्या, मग त्यांचाच आवाज आला, "थांबा रे, मोजा काढून बघू आधी!" आणि त्यांच्या बाह्याही वर गेलेल्या होत्या. मोठ्या बाई तेवढ्या कोरड्या राहिल्या.

पाहुण्यांनी अहवालात काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. पण मोठ्या बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पंधरा दिवसांत नवा आराखडा सगळ्या वर्गांना वाटला गेला. 'मिनिट ६ : एक माता गुपचूप डबीत खिळे घालते (खिळे ११, कुलूप १, मोजा पिवळा). मिनिट ९ : एक विद्यार्थिनी ते उत्स्फूर्तपणे ओळखते. मिनिट १० : मुले शिस्तीत गोंधळ करतात.' वर्गबाईंनी तो भिंगरीच्या आईला दाखवला आणि घडी घालून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. तिथे तो पहिल्यांदाच उपयोगी पडला.

पाठाच्या दिवशी घरी आल्यावर मात्र भिंगरी आईशी बोलली नाही. जेवताना नाही, गृहपाठ करताना नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बादली, डबी आणि खिळे घेऊन बाथरूममध्ये बसली. दार उघडं होतं. आई दाराशी जाऊन उभी राहिली. आत ये, असं कुणी म्हणालं नाही. जा, असंही नाही.

"भिंगरी, चुकलं माझं," आई म्हणाली. हसून नाही, कुणाकडे बघत नाही.

भिंगरी खिळे मोजत राहिली. मग डबीचं झाकण लावून तिने ती आईपुढे धरली. "सांग. तरंगेल की बुडेल?"

आईने अंदाज केला. "तरंगेल."

"बरं."

पण भिंगरीने डबी लगेच पाण्यात सोडली नाही. आधी ती तळहातावर तोलली. मग झाकण उघडून, आईच्या हातांकडे एक नजर टाकून, आतले खिळे पुन्हा एकदा मोजले.